ठसा नेमका जागेवर

हाताने केलेल्या शुभेच्छापत्रावर ठसा उमटवताना खरी अडचण एकच असते. ज्या जागी तो उमटायला हवा, ती जागा ऐन वेळी ठशाखालीच झाकली जाते. लाकडी ठोकळ्यावर बसवलेला रबरी ठसा हातात धरला, की वरून दिसते ती फक्त ठोकळ्याची पाठ. त्या पाठीवर चित्राची प्रतिकृती चिकटवलेली असते खरी, पण ती खालच्या रबराशी तंतोतंत जुळतेच असे नाही. तिच्या भरवशावर ठसा मारला, तर तो सरकण्याची किंवा तिरका येण्याची शक्यता राहतेच.

सरकणे आणि तिरके होणे या दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली बरीचशी खपून जाते. फूल दोन मिलिमीटर डावीकडे गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी खपत नाही. आठ सेंटीमीटर लांबीची ओळ नुसत्या एका अंशाने फिरली, तरी तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे १.४ मिलिमीटर वर जाते. देवनागरीत तर हे फारच उघडे पडते. ‘शुभ दीपावली’च्या डोक्यावर शिरोरेखा ठसठशीत काढलेली असते आणि ती कार्डाच्या कडेला समांतर नाही हे लहान मुलालाही कळते. सुट्या अक्षरांचे ठसे शेजारीशेजारी मारून मराठी मजकूर छापू गेल्यास रेघ जागोजागी तुटते, नाहीतर तिला पायऱ्या पडतात. म्हणून पूर्ण ओळीचा एकच ठसा करून घेणे केव्हाही बरे.

पारदर्शक ठशांनी हे काम पुष्कळ सोपे केले. फोटोपॉलिमरचा हा पातळ ठसा ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला आपसूक चिकटतो आणि आरपार दिसतो. ठोकळ्यावर आखलेल्या चौकटी असतील, तर शिरोरेखा त्यातल्या एका रेघेवर बसवायची आणि तीच रेघ कार्डाच्या कडेशी जुळवायची. मात्र बघायचे ते बरोबर वरून. ठोकळ्याला जाडी असल्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला रेघ सरकलेली भासते. याहून खात्रीची युक्ती म्हणजे कोरडा ठसा छापायची बाजू खाली करून कार्डावर हवा तिथे ठेवायचा आणि त्यावर ठोकळा दाबून तो उचलून घ्यायचा. ठसा ठोकळ्यावर सरळ बसतो. पण शाई लावून परत त्याच जागी येणे अजून हातावरच अवलंबून असते.

हातावरचा हा भरवसा काढून टाकण्यासाठी गुण्या लागतो. सुताराच्या गुण्यासारखी काटकोनी, जाडसर पट्टी आणि ट्रेसिंग पेपरचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा एवढेच साहित्य. तुकड्याचा कोपरा पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात बसवायचा, लाकडी ठोकळा त्याच कोपऱ्यात टेकवायचा आणि तुकड्यावर एक छाप घ्यायची. मग तो तुकडा कार्डावर फिरवून छाप जिथे हवी तिथे आणायची. आता पट्टी तुकड्याच्या कोपऱ्याला भिडवून घट्ट धरायची, तुकडा अलगद काढून घ्यायचा आणि शाई लावलेला ठसा पट्टीच्या दोन्ही बाजूंना टेकवून सरळ खाली न्यायचा. छाप नेमकी पडते. ठोकळ्याचा जो कोपरा टेकवला होता, त्यावर बाणाची खूण हवी; कोपरा बदलला की सगळे गणित फिसकटते. गोल ठोकळ्याला ही रीत चालत नाही.

बाजारात मिळणारे बिजागरीचे स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म हे याच कल्पनेचे पुढचे रूप. कार्ड कोपऱ्यात चुंबकांनी दाबून ठेवायचे आणि पारदर्शक झाकणाला ठसा चिकटवायचा. झाकण पुस्तकाच्या पानासारखे उघडते-मिटते, त्यामुळे छाप फिकी आली तर शाई लावून पुन्हा त्याच जागी दाबता येते.

कागद आणि ठसा ठरलेल्या कोपऱ्यात भिडवण्याची ही युक्ती जुनीच आहे. १७६५ च्या सुमारास एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुझुकी हारुनोबू यांची बहुरंगी चित्रे छापली जाऊ लागली. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी लाकडी फळी असे. दर फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेवर थोड्या अंतरावर एक सरळ खाच कोरलेली असे; त्यांना ‘केंतो’ म्हणतात. कागद दर वेळी या दोन खाचांत टेकला, की रंग आपल्या जागी पडत. राजस्थानात सांगानेर-बगरूच्या कापडछपाईत ठशाच्या कोपऱ्यावरच्या बारीक खिळ्यांचे ठिपके कापडावर उमटतात आणि पुढचा ठसा त्या ठिपक्यांवर जुळवला जातो.

कोपऱ्यावर भिस्त ठेवायची तर कागदाला कोपरा हवा. पुण्याच्या हातकागद संस्थेत बनतो तसा हातकागद शुभेच्छापत्राला शोभतो, पण त्याच्या झालरीसारख्या कडा कुठेच सरळ नसतात. अशा वेळी कागद काटकोनात कापलेल्या पुठ्ठ्यावर कमी चिकट टेपने लावावा आणि पुठ्ठ्याची कड प्रमाण मानावी. हातकागदाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने पहिल्या दाबात छाप अर्धवट उठते, म्हणून प्लॅटफॉर्मचा उपयोग इथे सर्वांत जास्त.

दोन ठसे एकमेकांवर चढवायचे असले, उदाहरणार्थ पणतीची बाह्यरेषा आणि ज्योतीचा पिवळा, तर दुसरा मारण्याआधी पहिली शाई वाळू द्यावी लागते. एक चित्र दुसऱ्याच्या मागे दाखवायचे असल्यास पुढचे आधी छापतात. त्याचीच एक छाप चिकट चिठ्ठीवर घेऊन ती काठाच्या किंचित आतून कापतात, छापलेल्या चित्रावर लावतात आणि वरून मागचे चित्र मारतात.

पन्नास कार्डे करायची असतील, तर फरशीच्या तुकड्यावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून घरीच साचा होतो. एखाददुसऱ्या कार्डासाठी एवढाही खटाटोप नको. मोठ्या कागदावर ठसा मारावा, शिरोरेखेला समांतर पट्टी ठेवून भोवती कापावे आणि तो चौकोन कार्डावर चिकटवावा, मध्यापेक्षा किंचित वर. अगदी मध्यभागी ठेवलेला मजकूर डोळ्यांना खाली घसरल्यासारखा वाटतो.