छिन्नीला पाणी दिल्यावर नेमकं काय होतं?

लोहारकाम शिकायला आलेल्यांना मी आधी हातोडा देत नाही, प्रश्न देतो: लालबुंद छिन्नी पाण्यात बुडवली की कडक का होते? बहुतेक जण म्हणतात, ‘गार झाली म्हणून!’ मग साधा खिळा तसाच बुडवून बघा. तो फारसा कडक होतच नाही.

खरी गंमत कार्बनची. खिळ्यात तो जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के, छिन्नीच्या पोलादात ०.६ च्या वर. पोलाद साधारण ७३० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि कार्बन तिच्यात साखरेसारखा विरघळतो. याची खूण सोपी: लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याहून किंचित जास्त तापवायचं. आता हळूहळू गार केलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो. पाण्यात बुडवलं, तर तो आतच अडकतो आणि सगळी मांडणी ताणली जाते. हेच मार्टेन्साइट. भयंकर कडक, पण काचेसारखं ठिसूळ.

अशा छिन्नीवर घाव घातला, तर उडालेली कपची थेट डोळ्यात जाऊ शकते. म्हणून पुढची पायरी, टेंपरिंग, कधीच टाळायची नाही. धार घासून चकचकीत करा, हळूहळू तापवा आणि रंग बघत राहा. आधी पिवळसर, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. छिन्नी जांभळी झाली की थांबा. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो.

आणि हो, चष्मा शेवटपर्यंत डोळ्यांवरच!