एका घरात दोन तऱ्हेचा अभिनय

‘सिटिझन खान’ ही बीबीसीची विनोदी मालिका २०१२ ते २०१६ या काळात चालली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबाची ही गोष्ट. मिस्टर खानच्या भूमिकेतले आदिल रे प्रत्येक वाक्य समोरच्या प्रेक्षकांकडे फेकतात. दाढी, टोपी, तपकिरी सूट आणि चढा आवाज. जावई व्हायला निघालेला अमजदही तितकाच भडक. मिसेस खान झालेल्या शोबू कपूर मात्र जास्त काही करत नाहीत. एखादा सुस्कारा, एखादी नजर, आणि नवऱ्याचं पितळ उघडं पडतं.

हा असमतोल केवळ कलेचा प्रश्न नाही. पहिल्याच भागात अब्बांची चाहूल लागताच आलिया घाईघाईने हिजाब घेते आणि कुरआन वाचत असल्याचा आव आणते. यावर बीबीसीकडे तक्रारी गेल्या. हसायचं कशाला, मुलीच्या ढोंगाला की दीनला? भडक अभिनयात हा फरक पुसला जातो.

मिस्टर खान हा नमुना वाटतो. मिसेस खान आपल्या ओळखीची बाई वाटते. नमुन्याला लोक हसतात आणि विसरतात. हे घर खरं वाटतं ते तिच्यामुळे. मुलांसोबत पाहाल तेव्हा त्यांना जरूर विचारा: यातलं माणूस कोण वाटलं?