हुक्का गेला, तंबाखू राहिली!

चव घेऊन पोट भरणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. चहाच्या कंपनीत चहाचा घोट घेऊन तो थुंकून टाकणारे पगारदार असतात. मद्याचे पारखी पेला नाकाशी नेऊन डोळे मिटतात. आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत प्रत्येक घरातला कर्ता पुरुष स्वतःला पारखी समजतो आणि हमखास आंबट पेटी घेऊन येतो. या सगळ्यांपेक्षा वरचढ असा एक पंथ आहे. तो म्हणजे पाइपच्या तंबाखूची चव सांगणाऱ्यांचा.

या पंथाची भाषा ऐकण्यासारखी असते. लटाकिया नावाची एक तंबाखू आहे. मूळची सीरियाच्या त्याच नावाच्या बंदराची, पुढे सायप्रस बेटावर होऊ लागली. तिची पाने लाकडाच्या धुरावर वाळवतात. ती ओढल्यावर जाणकार सांगतात की, शेकोटीची चव आली, जुन्या चामड्याची आली, डांबर लावलेल्या दोरखंडाची आली. अमेरिकेत लुइझियाना प्रांतात पेरिक नावाची तंबाखू पिंपात दाबून आंबवतात. तिच्यात म्हणे अंजिराची आणि मनुकांची चव असते. शिवाय व्हॅनिला, चेरी, रम आहेतच. आणि इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात केंडल नावाचे गाव आहे, तिथल्या कारखानदारांनी तर कमाल केली. गुलाब, जिरॅनियम आणि टोंका नावाचे सुगंधी बी वापरून तिथे तंबाखू बनते. तिच्याबद्दल पाइप ओढणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, स्वर्ग! दुसरा म्हणतो, आजीच्या साबणाची वडी कोणी पेटवली?

आता साबणाची चव लागते हे कळूनही माणूस दुसरा झुरका का घेतो, हा प्रश्न आपल्याला पडतो. पण साहेबाला हसण्याआधी जरा आपल्या घरात डोकवावे. कारण हिंदुस्थानातल्या तंबाखूच्या चवीची जी पहिली बैठक लिहून ठेवलेली सापडते, तिची सुरुवात विजापुरात झाली आहे.

अकबर बादशहाचा वकील असद बेग सोळाशे तीन-चारच्या सुमारास आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. उत्तरेत त्याने ती पूर्वी पाहिली नव्हती. त्याने रत्नजडित हुक्का तयार करवून घेतला आणि इतर नजराण्यांबरोबर तो बादशहापुढे ठेवला. बादशहाने विचारले, हे काय? दरबारातले खान-इ-आझम म्हणाले, ही तंबाखू, मक्का-मदिनेत सर्वांना ठाऊक आहे, हकिमाने औषध म्हणून आणली आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकीम मात्र अस्वस्थ झाला. आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, मग तिची परीक्षा केल्याशिवाय ती घ्यावी कशी, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने वाद घातला की, प्रत्येक गोष्ट केव्हातरी नवीनच असते. वाद रंगला, बादशहाची करमणूक झाली, आणि त्याने स्वतः काही ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती लावून घेतली. व्यापाऱ्यांनी माल आणला. पुढे १६१७ साली जहांगिराने मनाई केली, तोवर उशीर झाला होता.

गंमत पाहा. त्याच सुमारास, १६०४ साली, इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूच्या विरोधात एक जहाल पुस्तिका लिहिली. दोन टोकांच्या दोन दरबारांत एकाच वेळी एकच भांडण चालले होते. दोन्ही ठिकाणी शहाणा माणूस हरला.

गुळाचे गणित

तंबाखू मुळात कडू. घशाला खवखव करणारी. कोणत्याही शहाण्या जिभेने पहिल्या भेटीत तिला हाकलून द्यावे अशी. म्हणून आपल्या लोकांनी तिची सोयरीक गुळाशी लावली. कुटलेली तंबाखू काकवीत मळली की हुक्क्याचा गुडाखू तयार. लखनौकडच्या शौकिनांना तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी फणस, बोरे, अननस अशी फळे आणि मसाले घालून ती आंबवली आणि खमिरा केला. चुन्याबरोबर खायच्या जर्द्यात केवडा आला, गुलाब आला, वेलची आणि केशर आले. किमामाची चिमूटभर गोळी म्हणजे तर अत्तराच्या दुकानाचा अर्कच.

मग हुक्का गेला. चिलमीही मागे पडल्या. पण तंबाखू कुठे जाणार? तिने फक्त घर बदलले. पूर्व विदर्भात आणि शेजारच्या छत्तीसगडात गुडाखू आता बायका सकाळी दातांना लावतात. हुक्क्यात जळायची वस्तू दंतमंजन होऊन बसली! आणि तिची धाकटी बहीण त्याहून पुढे गेली. विदर्भातल्या जप्तीच्या बातम्या वाचल्या तर एक नाव सारखे भेटते, 'हुक्का शिकार तंबाखू'. गाडी पकडली, पोती निघाली, इतक्या लाखांचा मुद्देमाल. वाचणाऱ्या पुणे-मुंबईच्या माणसाला वाटावे की, वैनगंगेच्या काठी घरोघरी नबाब गुडगुडी घेऊन लोडाला टेकले आहेत.

हुक्का एकही नाही. ही सारी पाइपाची तंबाखू चालली आहे खर्र्यात.

करडीचा पानठेला

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. नावच असे की, नजर आपोआप करडी व्हावी. धानाचा मुलूख, जवळ जंगल, त्या जंगलात तेंदूची झाडे. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायची, पुडके बांधायचे, हा या भागाचा जुना धंदा. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा तर विडीसाठीच प्रसिद्ध. पण विडी बिचारी साधी. तिला ना केवडा, ना केशर. पानठेल्यावर तिला आता कोणी विचारीत नाही. तिथे राज्य खर्र्याचे. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटघोट घोटायचे, आणि गाठ मारून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे. या भागात 'राम राम' नंतरचा प्रश्न 'खर्रा हाय का?' हाच असतो. पाहुणा आला की चहाआधी पन्नी पुढे होते. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणारा प्रेक्षक घोंगडीच्या आधी खर्रा आठवणीने घेतो.

आता कल्पना करा, केंडलच्या पारख्यांसारखे एक परीक्षक मंडळ करडीच्या पानठेल्यावर बसवले. निवृत्त मास्तर, दंडारीत काम करणारा हौशी नट, धानाच्या गिरणीतला हमाल आणि गुडाखूचा चाळीस वर्षांचा अनुभव असलेली एक आजी. समोर चार सुगंधी नमुने. सगळे अर्थात आमच्या कल्पनेतले.

नमुना पहिला, गुलाब. मास्तर तोंडात धरतात, चष्मा पुसतात. "प्रस्तावना उत्तम. विषयाशी संबंध नाही. देवघरात पाऊल टाकावे आणि गोठ्यात निघावे, तसे वाटले. पस्तीस गुण. काठावर पास."

नमुना दुसरा, केवडा आणि वेलची. नटराज मान डोलावतात. "प्रवेश राजाचा आहे. मुकुट आहे, तलवार आहे. पण दुसऱ्या अंकात तोंड उघडले, तर हा आपला नेहमीचा शिपाई निघाला जी!"

नमुना तिसरा, सफरचंद. हमाल थुंकायला वळतो. "सफरचंद म्हणे! ही तर बडीशेप हाय. हाटेलात बिलासंगं बशीत देतात ती." (हमालाचे नाक अगदी बरोबर आहे. अरबी हुक्क्यात जगभर खपणारी 'दुहेरी सफरचंद' नावाची चव बडीशेपेच्याच वळणाची असते. सफरचंद फक्त डब्यावरच्या चित्रात.)

नमुना चौथा, पुदिना. आजी पदर तोंडाला लावते. "बाप्पा! हा तं बाम हाय. डोक्याले लावाचा तोंडात काहून टाकला?"

चारही मते नोंदवली गेली. चारही नमुन्यांना नावे ठेवली गेली. आणि मंडळ उठताना प्रत्येकाने मुकाट्याने एकेक पन्नी खिशात टाकली. इथे विनोद संपतो.

वास दार उघडतो

कारण चौघांपैकी कोणालाही चव हवी नव्हती. चव म्हणून आपण जे समजतो त्यातला मोठा भाग नाकाचा असतो. नाक दाबून खाल्ले तर सफरचंद आणि बटाटा यांत फरक करणे अवघड जाते. गुलाब आणि केवडा नाकाला गुंतवून ठेवतात, तेवढ्यात तंबाखू आपले काम करून घेते. पुदिन्याचा गारवाही खोटाच. तोंडाचे तापमान तसूभर उतरत नाही, गार वाटणाऱ्या नसा तेवढ्या चाळवल्या जातात. खवखव मात्र कळेनाशी होते. आणि चुना? तो चवीसाठी नसतोच. चुन्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. सुगंध हा दारातला भालदार, आत घुसतो तो दुसराच.

हे सर्वांआधी ओळखले ते धंदेवाल्यांनी. सवय लागलेल्या माणसाला सुगंधाची फारशी गरज नसते. त्याला साधी पानाची चूळही चालते. सुगंध लागतो तो नवख्याला, म्हणजे शाळकरी पोराला. त्याचा प्रवास गोड सुपारीपासून सुरू होतो. सरकारलाही हे उशिरा का होईना कळले. महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, ती अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली. २०१३ च्या आदेशात सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा आणि मावा यांचीही नावे आली. तेव्हापासून ही बंदी नव्या-नव्या आदेशांनी पुढे चालत आली आहे. साधी तंबाखू विकता येते, वास लावलेली नाही, असा हा कायदा. अमेरिकेने २००९ साली सिगारेटमधल्या फळांच्या आणि मिठाईच्या चवी बंद केल्या, युरोपीय संघाने २०२० साली पुदिन्याची सिगारेट बंद केली, तेही याच कारणाने.

कायदा झाला. पन्नी मात्र मिळतेच, हे पानठेल्यापाशी पाच मिनिटे उभा राहिलेला कोणीही सांगेल. प्रौढांच्या तंबाखू सेवनाची जी देशव्यापी पाहणी २०१६-१७ साली झाली, तिच्यात महाराष्ट्रात धूर काढणारे शंभरात चारही भरले नाहीत. तोंडात ठेवणारे भरले चोवीस! देशाच्या मानाने आपण ओढतो कमी आणि चघळतो जास्त. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' चालले आहे, ते दारूइतकेच तंबाखूच्याही विरोधात. त्यामागचे कारण हेच.

तीन बोटांची परीक्षा

आता त्या परीक्षकांच्या जिभेचे पुढे काय होते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसत्या सुपारीलाही कर्करोगाचे कारण ठरवले आहे. तंबाखू सोडून 'फक्त सुपारी' खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सुपारीने गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू ताठ होते, पांढुरके पडते, आत दोऱ्या ओढल्यासारखे पट्टे बनतात. तोंड उघडणे कमी होत जाते. दंतवैद्य उभी तीन बोटे तोंडात घालायला सांगतात. तीन जातात ते ठीक. दोनच जातात, तर काळजीची गोष्ट. एकच गेले, तर घासही बारीक करून भरवावा लागतो.

आणि या रोगाची पहिली खूण कोणती? तिखट सोसेनासे होते. झुणक्याने आग होते. ठेच्याचा वासही नको वाटतो. सावजी रश्शाच्या मुलखातला माणूस ताटात दूधभात घेऊन बसतो! ज्याने गुलाब, केवडा आणि सफरचंदावर मत दिले, त्याच्या जिभेवर मिरचीसुद्धा टिकत नाही. बायकोला वाटते, स्वयंपाक बिघडला. ती हात आखडता घेऊन मीठ-मिरची घालते. घरातल्या सगळ्यांचेच जेवण फिके होते, आणि कारण मात्र कर्त्याच्या खिशात पन्नीत बांधलेले असते.

ताठ झालेले गाल पुरते पूर्ववत होत नाहीत. पण खर्रा थांबवला तर पुढचे पुष्कळ टळते, आणि लवकर दाखवले तर तोंडाचा कर्करोगही बरा होऊ शकतो. सोडायला मदत हवी असेल, तर सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट दूरध्वनी सेवा आहे. लाजायचे कारण नाही. बादशहालाही हकिमाने टोकले होते, आणि त्याने ऐकले.

आज रविवार. घरात आरसा आहे, हाताला बोटे आहेत. जेवायला बसण्यापूर्वी कुटुंबातल्या सर्वांनी, बाबा-काकांनी विशेषकरून, तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहावीत. पोरांना हा खेळ फार आवडेल. ते मोठ्यांना आळीपाळीने बोलावतील, बोटे मोजतील, आणि कोणी टाळाटाळ केली तर त्याच्याकडे पाहतील ती नजर करडीच असेल.