स्विचला पत्ते कळतात कसे?

शाळेच्या संगणक कक्षात किंवा लहानशा कार्यालयात भिंतीजवळ दिव्यांचा एक छोटा डबा असतो. तो नेटवर्क स्विच. त्याला पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा असतात. कोणत्या पोर्टला कोणता संगणक आहे हे त्याला कोणीही सांगत नाही, तरी आपण पाठवलेला कागद बरोबर प्रिंटरकडेच जातो.

यामागे आहे मॅक पत्ता. नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला हा 48 बिटांचा पत्ता असतो. आयपी पत्ता वेगळा. साधा स्विच तो बघतसुद्धा नाही. इथे अनेकांची गल्लत होते.

माहिती जाते ती छोट्या तुकड्यांनी. अशा तुकड्याला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमवर दोन मॅक पत्ते असतात: आधी घेणाऱ्याचा, मग पाठवणाऱ्याचा.

समजा, पोर्ट 1 वरच्या संगणकाने पोर्ट 5 वरच्या प्रिंटरला फ्रेम पाठवली. स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून आपल्या तक्त्यात नोंदवतो: हा पत्ता पोर्ट 1 वर. त्याचं शिकणं एवढंच. घेणारा कुठे आहे, हे त्या फ्रेमवरून कळत नाही.

आता फ्रेम पुढे पाठवायची. प्रिंटरचा पत्ता तक्त्यात नसेल, तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे ती पाठवली जाते. याला फ्लडिंग म्हणतात. प्रिंटरने उत्तर दिलं की त्याचीही नोंद होते आणि पुढच्या फ्रेम थेट पोर्ट 5 वर जातात.

नोंदी कायमच्या नसतात. साधारण 300 सेकंद त्या पत्त्यावरून काही आलं नाही, तर नोंद पुसली जाते. एकमेकांना जोडलेले दोन स्विच असतील आणि आपण प्रिंटर एकावरून काढून दुसऱ्यावर लावला, तर तो स्वतः काही पाठवेपर्यंत किंवा ही मुदत संपेपर्यंत फ्रेम जुन्याच वाटेने जाऊ शकतात. अशा वेळी प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा. सुरू होताना तो सहसा काहीतरी पाठवतोच.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच. एक टोक आधीच स्विचमध्ये असलेल्या केबलचं मोकळं दिसलेलं दुसरं टोक कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचतं. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची फ्रेम, या वेढ्यात फिरत राहते, कारण इथरनेटच्या फ्रेमला फेऱ्यांची मर्यादाच नसते. एकाच पत्त्याची नोंद या पोर्टवरून त्या पोर्टवर उड्या मारते. सगळे दिवे एकसारखे लुकलुकतात आणि नेटवर्क ठप्प होतं. रेडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये यावर स्पॅनिंग ट्री ही पद्धत काढली. तिच्यामुळे स्विच एकमेकांशी बोलून जादा वाट बंद ठेवतात. पण स्वस्त स्विचमध्ये ती बहुधा नसते.

तिथे आपल्यालाच एकेक केबल काढून बघावी लागते. म्हणून आजच प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून ठेवा.