शवपेटीभोवतीची गर्दी

१८ फेब्रुवारी १९६६ रोजी अमेरिकन हवाईदलाच्या एका मालवाहू विमानाने अटलांटिक महासागरात एक जड खोके सोडले. त्याला चाळीसहून अधिक भोके पाडलेली होती, आत वाळूच्या पिशव्या होत्या, आणि पाण्यावर आपटून ते फुटू नये म्हणून पॅराशूट बांधलेले होते. खोक्यात होती ब्राँझची एक रिकामी शवपेटी. रिकाम्या पेटीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटेल.

ही पेटी अध्यक्ष जॉन केनेडी यांची. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे त्यांची हत्या झाली, तेव्हा ती घाईघाईने मागवण्यात आली. वॉशिंग्टनला नेताना तिची कडी मोडली, म्हणून दफनासाठी महोगनीची दुसरी पेटी घेतली गेली. मग पहिलीचे करायचे काय? ती भलत्याच्या हाती पडली तर लोक तिचा तमाशा मांडतील, ही केनेडी कुटुंबीयांची धास्ती. म्हणून समुद्र! ही धास्ती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. १९७७ साली गायक एल्व्हिस प्रेस्ली वारला, तेव्हा शवपेटीतला त्याचा चेहरा चोरून टिपला गेला आणि एका साप्ताहिकाने तो पहिल्या पानावर छापला. त्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या.

आपल्याकडे गर्दी होत नाही असे नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांच्या अंत्ययात्रेला मुंबई लोटली होती. सर्वांना दर्शन घडावे म्हणून त्यांचा देह पद्मासनात बसवलेला होता. पण चौपाटीवर चिता पेटली आणि पाहण्यासारखे काही उरले नाही. जेथे देह पेटीत आणि पेटी जमिनीत राहते, तेथे कुतूहलाला अनेक वर्षे पुरेल एवढी शिदोरी मिळते.

त्यातून अमेरिकेत मृताचा चेहरा पाहण्याची चाल रूढ झाली, ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे. दूर रणांगणावर पडलेला मुलगा आईबापांकडे पोहोचायचा तर देह टिकायला हवा. त्यासाठी रोहिणीतून रसायन भरण्याची क्रिया होऊ लागली. पेटीचे रूपही पालटले. खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळते ‘कॉफिन’ मागे पडून चौकोनी ‘कास्केट’ आले. या शब्दाचा मूळ अर्थ दागिन्यांची पेटी! दुःखाला व्यापाराने दिलेले हे नाव मला तरी थोडे बोचते.

या रसायनाची खरी जाहिरात झाली ती अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूने. १५ एप्रिल १८६५ रोजी ते वारले. त्यांचा देह घेऊन निघालेली आगगाडी वॉशिंग्टनहून इलिनॉयमधील स्प्रिंगफील्डला सुमारे १,६५० मैलांचा प्रवास करून पोहोचली. वाटेत शहरोशहरी पेटी उघडली जाई आणि लोक रांगा लावीत. चेहरा काळवंडू लागला तेव्हा त्यावर प्रसाधन चढवावे लागले. ४ मे रोजी अंत्यविधी झाला. पण विश्रांती कुठली? ७ नोव्हेंबर १८७६ च्या रात्री खोट्या नोटा करणाऱ्या टोळीतील माणसे थडग्यात शिरली. देह पळवायचा आणि त्याच्या बदल्यात तुरुंगातला आपला साथीदार सोडवून वर दोन लाख डॉलर उकळायचे, असा बेत होता. टोळीत खबऱ्या असल्याने तो फसला. त्यानंतर पेटी पुनःपुन्हा हलवण्यात आली, कधी तर तळघरात गुपचूप पुरून ठेवली गेली. आणि लपवालपवी झाली की जे होते तेच झाले. पेटीत लिंकन नाहीतच, अशी कुजबुज सुरू झाली.

२६ सप्टेंबर १९०१ रोजी पेटी कायमची काँक्रीटमध्ये गाडायची होती. त्याआधी ती उघडावी की नाही, यावर जमलेल्यांत वाद झाला. अखेर शिशाचे आवरण कापले गेले आणि २३ जणांनी आत पाहिले. चेहरा ओळखू येत होता, गालावरचा तीळसुद्धा. मग दहा फूट खोल, लोखंडी पिंजऱ्यात, वर काँक्रीट.

हे पाहणे आणि साप्ताहिकातले ते छायाचित्र एकाच मापाने मोजता येईल का? मला नाही वाटत. १९०१ च्या पाहण्याने एक शंका मिटली. छायाचित्राने कोणती मिटली? आणि केनेडींची पेटी बुडवल्याचे सरकारी कागद १९९९ पर्यंत जनतेपुढे आले नव्हते. कुटुंबाची इच्छा समजते. पण ज्या हत्येविषयी आधीच शेकडो तर्क चालू होते, तिच्याशी जोडलेली वस्तू अशी मुकाट नाहीशी केल्यावर तर्क थांबायचे कसे?

स्प्रिंगफील्डच्या त्या समाधीत आज गेलेल्याला फक्त एक दगड दिसतो. देह त्याच्या खाली खोलवर आहे. बाहेर लिंकन यांचे ब्राँझचे मस्तक आहे. येणारा-जाणारा शकुन म्हणून त्याच्या नाकावरून हात फिरवतो. बाकीचे मस्तक काळपट पडले आहे, नाक तेवढे लखलखीत.