शेकडा कशाचा?

येलदरीच्या आमच्या अभ्यासिकेत पावसाळ्यात वर्तमानपत्र आले की मुले आधी एकच बातमी शोधतात. धरण किती टक्के भरले? पूर्णा नदीवरचे हे धरण १९६० च्या दशकात उभे राहिले. माझ्या वडिलांनी त्याच्या भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या. त्यामुळे धरणाची बातमी आमच्या घरी नात्यातल्या माणसाच्या खुशालीसारखी वाचली जाते.

एका श्रावणात ‘येलदरी पन्नास टक्के’ अशी बातमी आली. मी मुलांना विचारले, ‘म्हणजे पाणी किती?’ दहावीची एक मुलगी, गणितात हुशार, लगेच म्हणाली, ‘सर, निम्मं.’

‘कशाच्या निम्मं?’

‘धरणाच्या.’

उत्तर चुकले होते, आणि चूक तिची नव्हती. येलदरीची एकूण साठवण ९३४.४४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. त्यातले १२४.६७ दलघमी पाणी तळाशी राहते, त्याला मृतसाठा म्हणतात. वर उरतो तो ८०९.७७ दलघमीचा उपयुक्त साठा. बातमीतले टक्के या उपयुक्त साठ्याचे असतात. तेव्हा पन्नास टक्के म्हणजे ४०४.८८ दलघमी उपयुक्त पाणी. मृतसाठा धरून धरणात ५२९.५५ दलघमी पाणी असते आणि ते एकूण साठवणीच्या जवळजवळ ५६.७ टक्के होते. बातमीत शून्य टक्के छापून आले तरी धरण कोरडे नसते. एकूण साठवणीच्या १३.३ टक्के पाणी तळाला असतेच. एकाच दिवशी, एकाच धरणात, एकाच पाण्याचे दोन टक्के. दोन्ही खरे. फरक फक्त शंभर कशाला मानले याचा.

ती मुलगी थोडी रागावूनच म्हणाली, ‘पण सर, हे तर भूगोलात येतं. गणितात असं विचारत नाहीत.’

तिचे हे वाक्य मी अजून विसरलो नाही. आपल्या शाळांनी विषयांच्याही वेगवेगळ्या आळ्या करून ठेवल्या आहेत. गणिताच्या आळीतली शेकडेवारी भूगोलाच्या आळीत पाणी भरायला जात नाही. सातवी-आठवीत मूल नफातोटा आणि सरळव्याज सोडवते. तेच मूल रसायनात दहा टक्के द्रावण आले की अडते, अर्थशास्त्रात सरासरी आली की पाठ करते आणि नागरिकशास्त्रात आरक्षणाचा आकडा आला की गप्प बसते. रीत त्याला येते. पण ही सगळीकडची एकच रीत आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

खरे तर आमच्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना ही रीत चांगली ठाऊक होती. माझी आजी सही करू शकत नव्हती. पण सावकाराचा ‘शेकड्याला तीन’ म्हणजे महिन्याला तीन, वर्षाचे छत्तीस, हे ती बोटांवर मोजून सांगे. सावकार वर्ष बोलत नाही, महिना बोलतो. आकडा लहान दिसावा म्हणून. ‘औंदा सहा आणे पीक’ म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयात सहा, आजच्या भाषेत साडेसदतीस टक्के, हेही तिला कळत होते. सरकारने रुपयाचे शंभर पैसे केले तरी लोकांच्या तोंडी आणेवारीच राहिली. आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरायचे, हा आपल्याकडचा जुना दंडक. पुढे दुष्काळ ठरवायला पाऊस, जमिनीतली ओल अशा आणखी कसोट्या जोडल्या गेल्या. सारामाफीपासून पोरांच्या परीक्षा शुल्कापर्यंत कितीतरी गोष्टी या एका आकड्यावर लटकत आल्या. अशा वेळी सोळा आणे पीक कोणते धरले, हे विचारण्याचा हक्क शेतात राबणाऱ्याला आहे की नाही?

मी मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवतो. पहिला: शंभर कशाला मानले? दुसरा: त्या शंभरात कुणाला धरले आणि कुणाला वगळले? तिसरा: टक्क्याचा पुन्हा आकडा केला तर माणसे, किलो किंवा जागा किती होतात? विषय कोणताही असो, हे तीन प्रश्न बदलत नाहीत.

विज्ञानाचे उदाहरण खताच्या पोत्यावर छापलेलेच असते. १०:२६:२६ हे आकडे दिसतात गुणोत्तरासारखे. म्हणून मुले १०, २६, २६ यांची बेरीज ६२ करतात, पन्नास किलोचे ६२ भाग पाडतात आणि नत्र आठ किलो काढतात. पण हे नुसते गुणोत्तर नाही, हे प्रत्येकी पोत्याच्या वजनाचे टक्के आहेत. नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो, पालाश १३ किलो, बेरीज ३१. उरलेल्या १९ किलोंत इतर घटक असतात. गुणोत्तर घटकांचे आपसातले नाते सांगते, टक्के घटकाचे एकूणाशी असलेले नाते सांगतात. हा भेद ज्याला कळला, त्याला शेतकी दुकानदार सहज फसवू शकत नाही.

अर्थशास्त्रात हाच धडा बाबासाहेबांनी १९१८ साली दिला. भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय हा त्यांच्या त्या वर्षीच्या निबंधाचा विषय. शेताचे तुकडे लहान आहेत, म्हणून ते जोडून मोठे करा, असे तेव्हाचे तज्ज्ञ सांगत होते. बाबासाहेबांचा मुद्दा मुळावर घाव घालणारा होता. जमीन नुसत्या एकरांवरून लहान की मोठी ठरत नाही. तिच्यावर राबणारे हात, बैल, अवजारे आणि भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण काय, यावर ती ठरते. ज्याच्याकडे बैलही नाही त्याला पाच एकर जड जातात. ज्याच्याकडे साधने आहेत त्याला तेच पाच एकर अपुरे पडतात. आणि शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, म्हणून तो भार उद्योगांकडे वळवा, हा त्यांचा निष्कर्ष याच प्रमाणाच्या विचारातून निघाला. प्रमाण ही अंकगणिताच्या पुस्तकातली कसरत नसून समाज पाहण्याची नजर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

आता दुसरा प्रश्न. कुणाला धरले, कुणाला वगळले? १९८१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ६,२७,८४,१७१ आणि अनुसूचित जातींची ४४,७९,७६३, म्हणजे ७.१४ टक्के. १९९१ मध्ये लोकसंख्या ७,८९,३७,१८७ आणि अनुसूचित जाती ८७,५७,८४२, म्हणजे ११.०९ टक्के. राज्य दहा वर्षांत सुमारे २६ टक्क्यांनी वाढले आणि अनुसूचित जाती ९५ टक्क्यांहून अधिक वाढल्या! एवढी बाळे कुठून आली? बाळे आली नव्हती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी स्वतःची नोंद बौद्ध म्हणून केली, ते केंद्राच्या अनुसूचीतून बाहेर पडले होते. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ बौद्ध नोंदले गेले, पण अनुसूचित जातींच्या रकान्यात त्यांना जागा नव्हती. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांचा त्या अनुसूचीत समावेश झाला आणि पुढच्याच मोजणीत आकडा उसळला. माणसे तीच, वस्त्या त्याच, रकाना बदलला. दोन जनगणनांची टक्केवारी शेजारी ठेवून ‘यांची लोकसंख्या फार वाढते’ असे म्हणणारे भेटतात. त्यांना हा इतिहास शांतपणे सांगावा.

याच उदाहरणात आणखी एक खाच आहे. ७.१४ वरून ११.०९ ही वाढ ‘चार टक्के’ म्हणायची की ‘पंचावन्न टक्के’? शंभर लोकांमागे जवळजवळ चार माणसे वाढली, हे खरे. आणि मूळ वाट्याच्या मानाने वाटा ५५ टक्क्यांनी वाढला, हेही खरे. ज्याला वाढ लहान दाखवायची तो पहिला आकडा वापरतो, ज्याला मोठी दाखवायची तो दुसरा. आपण दोन्ही मांडावेत.

सरासरीचेही तसेच. २०११ साली महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के होती. दोन्हींची बेरीज करून दोनाने भागले तर ८२.१३ येते, जनगणनेतला आकडा मात्र ८२.३४ आहे. कारण पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा जास्त, म्हणून त्यांच्या टक्क्याचे वजनही जास्त. टक्क्यांची सरासरी टक्क्यांवरून काढू नये, आधी माणसे मोजावीत. शिवाय १९८१ पर्यंत साक्षरता पाच वर्षांवरील लोकांची मोजली जाई, १९९१ पासून सात वर्षांवरील. पाया हलला की जुने-नवे आकडे सरळ जुळत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाची किंमत मी स्वतः मोजली आहे. १९९८ साली जिल्ह्यातल्याच एका संस्थेत शिक्षकांच्या तीन जागा निघाल्या. मी अर्ज घेऊन गेलो. कचेरीतल्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने कागद पुढे ओढला आणि म्हणाले, ‘तुमचे तेरा टक्के. तीन जागांचे तेरा टक्के म्हणजे शून्य पूर्णांक एकोणचाळीस. अर्धासुद्धा भरत नाही.’ गुणाकार बिनचूक होता. मी गणिताचा पदवीधर. गुणाकाराला मान दिली आणि घरी आलो.

पुढे कित्येक महिन्यांनी उमगले की मी मुलांना जो प्रश्न विचारतो तो स्वतः विचारलाच नव्हता. तेरा टक्के कशाचे? त्या संस्थेत मंजूर पदे चोवीस होती. चोवीसचे तेरा टक्के ३.१२, म्हणजे तीन पदे. त्यांपैकी भरलेले होते एक. आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात १९९५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की टक्केवारी संवर्गातल्या पदांना लागू होते, त्या-त्या वेळी रिकाम्या होणाऱ्या जागांना नव्हे. निकाल माझ्या बाजूने होता, गणितही माझ्या बाजूने होते. फक्त मी ते दोन विषय समजत होतो.

हे जुने प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ठरवले की विद्यापीठातल्या अध्यापकांच्या आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ नव्हे, एकेक विभाग हा घटक धरावा. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला. टक्के बदलले नाहीत. अनुसूचित जातींचे पंधरा ते पंधराच, जमातींचे साडेसात ते साडेसातच. पण शंभराला पंधराने भागले की ६.६७ येतात, म्हणून अनुसूचित जातीचा क्रमांक सातवा. साडेसाताने भागले की १३.३३, म्हणून जमातीचा चौदावा. सहा पदांच्या विभागात पहिल्या भरतीला सातवा क्रमांक येणारच कसा? असे वीस विभाग धरा. १२० पदे होतात. विद्यापीठ हा घटक धरला तर त्यांचे पंधरा टक्के म्हणजे १८ पदे. विभाग हा घटक धरला तर पहिल्या भरतीत शून्य. देशभर आंदोलने झाली आणि २०१९ च्या कायद्याने केंद्रीय संस्थांत पुन्हा संपूर्ण संस्था हाच घटक ठरला. रस्त्यावर उतरलेले विद्यार्थी आणि प्राध्यापक एका भागाकारासाठी उतरले होते, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

पुणे कराराचे कलमही मी मुलांना याच नजरेने वाचायला लावतो. १९३२ च्या त्या करारात मध्यवर्ती कायदेमंडळातले १८ टक्के ठरले ते सर्व जागांचे नव्हते; ब्रिटिश हिंदुस्थानातील सर्वसाधारण मतदारसंघाला मिळालेल्या जागांचे होते. एवढे ध्यानात ठेवले तर इतिहासाच्या पेपरातले वाक्यही उदाहरण म्हणून सोडवता येते.

शिक्षकमित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की शेकडेवारीचा पाठ शिकवताना नफातोट्याच्या दुकानदाराबरोबर धरण, पोते, जनगणना आणि बिंदुनामावलीही वर्गात येऊ द्या. कार्यकर्त्यांना सांगणे आहे की निवेदनात टक्के लिहाल तिथे शेजारी मूळ संख्याही लिहा. तेरा टक्के ही मागणी झाली. चोवीसपैकी तीन, भरलेले एक, बाकी दोन, हा हिशेब झाला. मागणीला आश्वासन मिळते, हिशेबाला उत्तर द्यावे लागते.

ती मुलगी पुढे जिंतूरला अकरावीला गेली. सुटीत अभ्यासिकेत आली तेव्हा वसतिगृहाच्या प्रवेशाची यादी घेऊन आली होती. यादीच्या खाली टक्के छापले होते. तिने पेन्सिलीने शेजारी लिहिले होते: ‘कशाचे?’