पडद्यावरचे धडे आणि हातांचा सराव

हृदयक्रिया अकस्मात बंद पडली की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. परंतु ती दाराशी पोहोचेपर्यंतचा काळ शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतो. काय करावे हे ठाऊक असणे व ते प्रत्यक्ष करता येणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. तातडीच्या वैद्यकीय सेवेच्या प्रशिक्षणातील ‘संमिश्र अध्ययन’ पद्धती याच भेदावर उभी आहे.

या पद्धतीत प्रशिक्षणाचे दोन भाग असतात. लक्षणे ओळखणे, कृतींचा क्रम व त्यांमागील कारणे हा भाग शिकणारा घरी संगणकावर आपल्या सवडीने पुरा करतो. त्यानंतर प्रशिक्षकासमोर पुतळ्यावर सराव होतो. ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’च्या ‘हार्टकोड’ अभ्यासक्रमात हे दोन्ही भाग पूर्ण केल्यावाचून प्रमाणपत्र मिळत नाही.

पुतळा का हवा? प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, हे वाचावयास सोपे आहे. करताना मात्र कोपरे वाकतात, वेग चुकतो, हात लवकर थकतात. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलावयास सांगितले जाते. नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्दाल यांनी १९६० साली असा पुतळा तयार केला, तो याच सरावासाठी.

भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी तोंडाने श्वास न देता केवळ छातीवर दाब देण्याची सुलभ पद्धती सुचविली. तीही सरावाविना अंगवळणी पडत नाही, आणि शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते.

म्हणून आम्ही वाचकांना एवढेच सुचवू इच्छितो: आपल्या धर्मग्रामात असे शिबिर योजताना केवळ चित्रफीत दाखवून थांबू नये. चित्रफीत घरी पाहता येते. सभागृहातील वेळ प्रत्येकाच्या हातांना मिळावा आणि वर्षभरात उजळणीही व्हावी. कारण प्रसंग ओढवेल तेव्हा समोर बहुधा आपल्याच घरचे माणूस असेल.